एक स्टेशन अलीकडे

कुरवंडे,
११ ऑगस्ट २०२४

आबा,

जय भीम. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहावं की नाही ते ठरेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे.

अक्षर ओळखलं असेलच. लग्नानंतर तुमच्या रजेचे अर्ज मीच लिहायची आणि तुमचे साहेब म्हणायचे, श्रीपतीचं अक्षर एकदम कसं सुधारलं. फोन तुम्ही उचलत नाही. पण पोस्टमनच्या हातात पाकीट परत कोंबण्याइतके तुम्ही आडमुठे नाही, निदान पोस्टमनशी तरी नाही. म्हणून हा उद्योग.

सांगायचं ते एवढंच, की आई गेल्या गुरुवारी मळवलीला मावशींकडे गेल्या नव्हत्या. त्या माझ्याबरोबर पुण्याला आल्या होत्या, रक्त तपासायला. त्यांना मला एक किडनी द्यायची आहे. माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात हे तुमच्या कानावर आलं असेल. माझ्या बाला साखर आहे, त्यामुळे तो बाद. बयचा रक्तगट जुळत नाही. पवन असता तर, हे वाक्य मी पुरं करत नाही. आई आपण होऊन आल्या. कुरवंड्याची चढण चढून धापा टाकत दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रूपे, माज्याकडं दोन हायेत. यक तुला."

सासूने सुनेला किडनी द्यायची म्हणजे तुमची सहीही लागेल. ते पुढचं पुढे. पण माझ्या पायी त्यांनी तुमच्याशी खोटं बोलावं हे मला पटलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्या तुमच्याशी फक्त साखरेच्या डब्याबद्दल खोटं बोलल्या आहेत.

आमच्याकडे धुकं दाट आहे. नागफणीचा सुळका महिनाभर दिसलेला नाही. मानसी म्हणते तो गावाला गेलाय. शाळेतून मी सुट्टी घेतली आहे, नववीचं विज्ञान दुसऱ्या बाई शिकवतात. आठवड्यातून तीनदा लोणावळ्याहून लोकल पकडते आणि डायलिसिसला तळेगावला उतरते. म्हणजे तुमच्या एक स्टेशन अलीकडे. भोंगा होईपर्यंत प्लॅटफॉर्मवर थांबते, गाडी घोरावाडीकडे निघते, मग मी जिना चढते.

दोन वर्षांपूर्वी, पवनच्या पहिल्या स्मृतिदिनाला, तुम्ही मला आणि बाला दार दाखवलंत. त्याबद्दल या पत्रात काही नाही. मी तुमच्याकडे काही मागतही नाही. फक्त आईंवर चिडू नका.

रूपा


तळेगाव, डायलिसिसच्या खाटेवरून,
३ सप्टेंबर

आबा,

जय भीम.

अक्षर वाकडं येतंय, कारण डावा हात मशीनला जोडलेला आहे आणि कागद मानसीच्या परीक्षेच्या पॅडवर. पॅडवर फुलपाखरं आहेत. शेजारच्या खाटेवर वडगावचे दत्तोबा म्हणून आहेत, ते विचारतात, "बाई, पेपर अवघड हाय का?" मी म्हटलं, "तोंडी परीक्षा असती तर सोपा होता."

आईंची किडनी मला चालणार नाही. काल निकाल आला.

आई सांगतील तुम्हाला, पण त्या मधलं सगळं गाळून शेवट सांगतात, म्हणून मी नीट लिहिते. आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर काही रेणू असतात. डॉक्टर त्यांना एचएलए म्हणतात, मी वर्गात ओळखीचे रेणू म्हणते. हे घर कुणाचं, हे त्यांच्यावरून कळतं. निम्मे आईकडून येतात, निम्मे बापाकडून. मानसी पोटात होती तेव्हा तिच्यातली निम्मी ओळख माझी होती आणि निम्मी पवनची. ती पवनची निम्मी माझ्या रक्ताला परकी वाटली. त्याने तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवली. पोरीला त्याने काही झालं नाही. पुष्कळ बायकांचं असं होतं आणि जन्मभर कळतही नाही. कळतं ते असं, खाटेवर पडल्यावर.

प्रतिपिंड म्हणजे आमच्या बासारखा बंगल्यावरचा वॉचमन समजा. मालकाने त्याच्या हातात एक फोटो दिलाय, हा माणूस आला तर आत सोडायचा नाही. बाकी कुणी येवो, त्याला देणंघेणं नाही. त्या एका चेहऱ्यावर मात्र तो काठी घेऊन धावतो.

आता तो फोटो कुणाचा? पवनमध्ये एक वाटा आईंचा होता आणि एक तुमचा. मानसीला देताना त्याने त्यातला एकच दिला, दोन्ही देता येत नाहीत. चाचणी सांगते की त्याने आईंचा दिला. म्हणून माझं रक्त आईंना ओळखतं, आणि ओळखून त्यांच्या अंगावर धावून जातं. ज्या बाईने बाळंतपणात माझे केस विंचरले, तिच्यावर.

मला वाटलं आई खचतील. रडल्या थोड्या. मग डोळे पुसून डॉक्टरांना म्हणाल्या, "म्हंजी मानशी माज्यावर गेली म्हना की!" आणि परतीच्या लोकलमध्ये शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगितलं की माझी नात माझ्यावर गेलीये, मशीनवर तपासून आलेय. मी खिडकीकडे तोंड करून हसले. किती दिवसांनी हसले.

मशीन चालू असताना रक्तदाब उतरतो, आणि मी जागी आणि झोपलेली यांच्या मध्ये कुठेतरी पडून राहते. माझं रक्त नळीतून बाहेर फिरून परत येतं. नळीला हात लावला की कोमट लागते. कितीदा मला धुक्यातून जाणारे रूळ दिसतात. तुम्ही पुढे असता, खांद्यावर हातोडा, काखेत दोन झेंडे. ठण, ठण. रुळाला जागेवर धरणारी प्रत्येक चावी ठोकून बघत तुम्ही चालता आणि मी मागून, अनवाणी. तुम्ही वळून बघत नाही, पण चाल हळू करता.

आठवतं का? लग्न नवं होतं, मी चुलीपुढे बसले होते आणि तुम्हाला विचारलं, आबा, रोज तेच रूळ, नवीन काय बघता? तुम्ही म्हणालात, "नवीन काय दिसतंय ते बगायचं नसतं, पोरी. रोजचं काय दिसत न्हाई ते बगायचं."

ते मी गेली कित्येक वर्षं वर्गात सांगते, तुमचं नाव न घेता. कारण आपल्या रक्तातही असे चावीवाले आहेत. पुस्तकात त्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात, नाव भीतिदायक आहे. त्यांच्या हातात कुणाचा फोटो नसतो. ते पेशीपेशीला हात लावून बघत जातात, आपल्या घरची खूण जागेवर आहे ना? असली तर पुढे. नसली, निखळलेली दिसली, तर हातोडा बसतो. परकं काय आलं हे ते बघत नाहीत. आपलं काय हरवलं ते बघतात.

आणि एक सांगू? हेच मारकुटे बाई गरोदर असली की गर्भाशयात दाटी करून बसतात. तिथे ते मारत नाहीत. बाळाची निम्मी ओळखीची, निम्मी अनोळखी खूण चाचपतात आणि त्याच्यापर्यंत जाणाऱ्या रक्ताच्या वाटा रुंद करून देतात. मानसीसाठी माझ्या पोटात असे कितीतरी चावीवाले राबले असतील.

आता नर्स सुई काढायला आली. पवनचा जो दुसरा वाटा मानसीला मिळाला नाही, त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही. तुम्हाला कळतं सगळं.

रूपा


कुरवंडे,
२९ सप्टेंबर

आबा,

जय भीम.

तुमच्या कोपरावरच्या कापसाची बातमी इथवर आली आहे.

आई सांगत होत्या. तुम्ही म्हणे देहूरोडला सभेला गेला होता आणि परत आलात तर शर्टाची बाही खाली ओढून बसलात, उकाड्यात. आंघोळीला गेलात तेव्हा कापूस मोरीत सापडला. त्यांनी फक्त भाकरीवर तूप जास्त घातलं. म्हणजे नवरा-बायको दोघंही एकमेकांपासून चोरून पुण्याला जाऊन रक्त देऊन आलात. तुमच्या घरात माझ्यामुळे खोटं बोलणं वाढत चाललंय.

आई असंही म्हणाल्या की माझी पत्रं तुम्ही तुमच्या जुन्या लाल झेंड्यात बांधून ट्रंकेत ठेवली आहेत. लाल झेंडा म्हणजे गाडी थांबवायची, एवढं मला कळतं. पण फेकली नाहीत.

काल डॉक्टर अनघांनी मला बोलावून निकाल सांगितला. त्या वयाने माझ्याएवढ्याच आहेत, बोलताना पेनचं टोपण चावतात. माझी प्रतिपिंडं तुम्हाला ओळखत नाहीत, आबा. तुमच्या पेशी माझ्या रक्तात मिसळून पाहिल्या. वॉचमन जागेवरून उठलासुद्धा नाही.

मी विचारलं, आणि चावीवाले? त्या हसल्या. म्हणाल्या, तेही बघितलंय. त्या ओळखीच्या रेणूवर एक छोटीशी जागा असते. माझ्या बयच्या हनुवटीवर जसं गोंदण आहे, तसं तिथे गोंदण असतं असं समजा. त्या जागी दोन तऱ्हेची नक्षी असू शकते. माझ्या दोन्ही वाट्यांवर एक नक्षी आहे. आईंनी पवनला आणि पवनने मानसीला दिलेल्या वाट्यावर दुसरी. तीच माझ्या वॉचमनच्या फोटोत आहे. आणि तुमच्या दोन्ही वाट्यांवर माझी नक्षी आहे.

नवल हे, की वॉचमन आणि चावीवाला दोघंही बघतात ती जागा एकच. त्याच जागेवर आईंना बघून माझं रक्त काठी उगारतं, आणि तुम्हाला बघून माझा चावीवाला हातोडा खांद्यावर टाकून पुढे जातो. डॉक्टर म्हणाल्या, यात नात्यागोत्याचं काही नाही बरं का, असं गोंदण पुष्कळांचं असतं. मी मान हलवली. पण लोकलमध्ये बसल्यावर कामशेतपासून मळवलीपर्यंत मी तेच उगाळत होते. जी मला पोटाशी धरते तिला माझं रक्त दारात उभं करत नाही, आणि ज्याने मला दारात उभं केलं नाही त्याला ते आत घेतं. रक्ताला माणसं कळत नाहीत. त्याला फक्त गोंदण कळतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की काही मागत नाही. ते खोटं होतं. मागतच होते. मला जगायचं आहे, आबा. मानसी दुसरीत आहे, तिला अजून वेणी घालता येत नाही.

आणि आता ते दुसरंही लिहूनच टाकते, कारण ते न लिहिता तुमच्याकडे मागणं म्हणजे लबाडी.

टाक बाने केला. पवन डेंग्यूच्या तापात चार दिवसांत गेला. तुम्ही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केलात, बुद्धवंदना झाली, मी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. माझ्यासाठी ते पुरेसं होतं. बासाठी नव्हतं. आमच्या वाडीत तरणा माणूस गेला की त्याचा चांदीचा टाक करून देवाऱ्यात बसवतात, नाहीतर तो रानोमाळ फिरतो, त्याला बसायला जागा नसते, असं समजतात. बाला रात्री झोप यायची नाही. म्हणायचा, "जावई माजा भायेर थंडीत हाय." शेवटी लोणावळ्याच्या बाजारातल्या सोनाराकडून टाक करून आणला. आणि मग स्मृतिदिनाला मानसी तुमच्या मांडीवर बसून म्हणाली, आजोबा, आमच्याकडे बाबा आहेत, चांदीचे, त्यांना रोज हळद लावतात.

तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही बाला एवढंच म्हणालात, "आमच्या बापजाद्यांनी छप्पन साली समदे देव उचलून नदीत सोडले. आन तू माज्या पोराला देव केलास?" आणि दार दाखवलंत.

तुमचं चुकलं नाही. बाचंही चुकलं नाही. मी कुणाच्या बाजूने उभी राहायला हवी होती ते मला अजून कळलेलं नाही. मी मध्ये उभी होते, आणि मध्ये उभ्या राहणाऱ्याला दोन्हीकडची थंडी लागते.

रूपा


कुरवंडे,
१७ नोव्हेंबर

आबा,

जय भीम.

बा परवा तुमच्याकडे आला होता. हे मी तुम्हालाच सांगणं विचित्र आहे, पण तो मला न सांगता गेला होता, आणि परत येऊन त्याने जे सांगितलं ते तुम्ही ऐकावं असं वाटतं. तुमची बाजू तुम्हाला माहीत आहे, त्याची कुठे माहीत आहे?

भात झोडून झालं होतं. बा सकाळी अंघोळ करून टोपी घालून निघाला. मला वाटलं बंगल्याच्या मालकाने बोलावलंय. संध्याकाळी आला आणि पायरीवर बसून राहिला. बयने चहा दिला तो निवला. मग म्हणाला, "श्रीपतीभाऊकडं गेलतो. टाक घिऊन."

त्याने देवाऱ्यातून टाक उचलला होता, आबा. वाडीत असं कुणी करत नाही. बसवलेला उठवत नाहीत. त्याने एकदाच मोठ्याने विचारलं म्हणे पवनला, चल, तुज्या बापाकडं जाऊ, आणि रुमालात बांधला. लोकलमध्ये घोरावाडीपर्यंत रुमाल मांडीवर धरून बसला. तुमच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "घ्या भाऊ. तुमचा हाय, तुमी ठरवा. माज्या लेकीच्या जिवाम्होरं मी देव धरून बसत न्हाई."

आणि तुम्ही पहिल्यांदा तो टाक बघितलात.

मला ठाऊक आहे तुम्हाला काय वाटलं होतं. घोडा, हातात तलवार, तुमच्या पोराला भलत्याच कुणाचा वेष. सोनार तसंच करत होता. बानेच अडवलं त्याला. म्हणाला, माझा जावई घोड्यावर कधी बसला नाही, तो गाडीवर यायचा. म्हणून चांदीच्या बोटभर पत्र्यावर पवन मोटरसायकलवर बसलाय, आणि सोनाराने डोक्यावर हेल्मेट कोरलंय.

बा सांगतो, तुम्ही चष्मा लावला. दाराशी उजेडात नेऊन बघितलं. पुष्कळ वेळ. मग म्हणालात, "हेल्मेट घातलंय व्हय ह्यानं. जिता असताना सांगून सांगून थकलो, कदी घातलं न्हाई." आणि रुमालाच्या घड्या घालून बाच्या हातात परत दिलात. "नवशा, आमच्यात ह्येला जागा न्हाई. आमी ते सोडलं, ते सोडलंच. पन तुज्याकडं ऱ्हाऊ दे. तितं तरी हेल्मेट घालतोय."

हे सांगताना माझा बा रडला. मी पण. मानसीला वाटलं चहा निवला म्हणून रडतात.

आता कामाचं. पुण्याच्या मंजुरी समितीची तारीख आली आहे, १९ डिसेंबर. रक्ताचं नातं नसेल तर किडनी कुणी दबावाखाली किंवा पैशासाठी देत नाही ना, हे ती समिती तपासते. सासरा सुनेला देतोय, मुलगा हयात नाही, सून वेगळी राहते. हे ऐकून कुणाच्याही भुवया वर जातील. त्यांना आपुलकीचा पुरावा लागतो. दोघांचे एकत्र फोटो मागितलेत. मी दोन दिवस शोधतेय. तुमचा माझा एकही फोटो नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोत तुम्ही वाढप्यांना ओरडायला गेला होता. मानसीच्या नामकरणाच्या फोटोत कडेला तुमचा हात दिसतो, त्यात खिरीची वाटी आहे. एवढाच पुरावा.

तुम्ही तिथे खोटं बोलाल अशी मला भीती नाही. खरं बोलाल, ही भीती आहे. ते विचारतील, सुनेशी बोलता का, आणि तुम्ही सांगाल, नाही. मग फाइल बंद. डॉक्टर अनघा म्हणतात, जरा सांभाळून घ्यायला सांगा त्यांना. मी म्हटलं, ते रेल्वेत होते, नसलेली चावी आहे असं त्यांनी कधी लिहिलं नाही.

तेव्हा तुम्हाला वाटेल तेच बोला. मी त्या दिवशी तिथे असेन. दोन वर्षांनी तुम्हाला बघेन. त्याचीच मला जास्त धडधड आहे.

इथे धुकं गेलं. सुळका गावाहून परत आलाय.

रूपा


पुणे, दवाखान्यातून,
२३ जानेवारी २०२५

आबा,

सप्रेम जय भीम.

तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. आई दिवसभर लिफ्टने वरखाली करतात आणि दोघांनाही सांगतात की दुसरा नीट जेवला. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. पोस्टमनचं काम आता त्यांच्याकडे.

ऑपरेशनला चार दिवस झाले. लिहायला आजच बसता आलं. भूल उतरताना मला तेच धुक्यातले रूळ दिसले. ठण, ठण. या वेळी तुम्ही मागे होतात आणि मी पुढे. मला वळून बघायचं होतं, पण मागून आवाज येतोय तोवर बघायचं कारण नव्हतं.

१९ डिसेंबरचं मला एकदा लिहून ठेवायचं आहे. तुम्ही तिथे होतात, पण तुम्ही समोरच्या साहेबांकडे बघत होता. मी तुमच्याकडे बघत होते.

तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, कोटाच्या खिशाला निळं पेन. बारीक झाला होता. आईंनी मला कोपराने ढोसलं, पाया पड. मी उठेपर्यंत नाव पुकारलं. त्या खोलीत लांब टेबल, चार माणसं, आणि एका बाजूला व्हिडिओ काढणारा. साहेबांनी फाइल चाळून विचारलं, "सुनेशी तुमचं बोलणं आहे का?"

"न्हाई."

"किती दिवस?"

"दोन वर्सं होऊन गेली."

बाजूच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मी छतावरच्या पंख्याकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं. आता पुढच्या मंगळवारी पुन्हा तळेगाव, आणि मग त्याच्या पुढच्या मंगळवारी.

"भांडण होतं?"

"व्हतं."

"मग आजोबा, आपुलकी आहे असं आम्ही कशावरून म्हणायचं? फोटो नाही, बोलणं नाही. तुमच्यावर घरातून कुणी दबाव आणला का?"

तुम्ही पिशवीत हात घातलात. मला वाटलं चष्मा काढताय. तुम्ही झेंडा काढलात. हिरवा. टेबलावर ठेवून गाठ सोडलीत, आणि आत माझी चारही पत्रं होती. घड्यांवर कागद विरला होता. एकावर तुपाचा डाग होता.

"ही तिची पत्रं," तुम्ही म्हणालात. "समदी हायेत. वाचा."

साहेबांनी वाचली. बाईंनी वाचली. आम्ही सगळे उभे. मला लाजेने मेल्यासारखं झालं, त्यात मी तुम्हाला आडमुठे लिहिलंय. बाईंनी एका ठिकाणी पदर डोळ्याला लावला, बहुतेक हेल्मेटच्या जागी. साहेब मात्र पक्के. शेवटचा कागद ठेवून ते म्हणाले, "पत्रं सगळी यांची आहेत. तुम्ही एकाचंही उत्तर दिलेलं दिसत नाही."

तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत, जसं एखाद्या न शिकलेल्या पोराकडे बघतात.

"उत्तर द्यायलाच आलोय की सायेब."

आबा, तुमचं उत्तर पोचलं. ऑपरेशनच्या टेबलावरच ते काम करायला लागलं म्हणे. माझ्या खाटेला एक पिशवी टांगली आहे, ती दर तासाला भरते. नर्स माप लिहून घेतात आणि खूश होतात. लघवीकडे बघून कुणाचं मन भरून येईल असं मला नववीच्या वर्गात कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. डॉक्टर अनघा सकाळी येऊन गेल्या. म्हणाल्या, औषधं जन्मभर घ्यायची, रक्त तपासत राहायचं. वॉचमन केव्हा नवीन फोटो मागेल सांगता येत नाही. पण आजपर्यंत गेटवर कुणी हललेलं नाही, आणि चावीवाले रोज येऊन हात लावून जातायत. खूण जागेवर आहे.

मी रात्री उजव्या कुशीला हात ठेवते. तिथे कोमट लागतं.

बा म्हणाला, पवनला सांगितलंय. तुम्हाला ते पटणार नाही, पण तुम्हाला सांगायचं त्याने मला बजावलं, म्हणून सांगितलं.

तुम्हाला उद्या घरी सोडतील. मला अजून बरेच दिवस आहेत. सोडलं की कुरवंड्याची चढण लगेच चढता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात, काही दिवस सपाटीवर राहा. मी म्हटलं, बघू. पुण्याहून येताना घोरावाडी आधी लागतं.

तुमची सून,
रूपा